पिवळं दिसलं की सोनकी? एका रेल्वेने पसरवलेल्या फुलाची गोष्ट

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन सापडत नाही, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं... म्हणजे" काढून टाकलेत.

सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. सप्टेंबर महिना, कास पठार. समोर पिवळा गालिचा. मी फोटो काढला, जागेवरच स्टोरी टाकली, खाली लिहिलं "सोनकी". शेजारी गावातले एक काका उभे होते. त्यांनी स्क्रीनवर डोकावून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "ही सोनकी न्हवं बाळा. ह्यो कवळा हाय. सोनकी पल्याड बघ."

मी बघितलं. तेही पिवळंच. मग काकांनी दोन्ही फुलं माझ्या डोळ्यांसमोर धरली आणि मला कळलं की ही दोन फुलं एकमेकांच्या नात्यातसुद्धा नाहीत. कवळा हा वाटाण्या-हरभऱ्याच्या कुळातला. सोनकी शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातली. मी पुऱ्या दोन कुळांत घोळ घातला होता.

घरी येऊन सोनकीच्या मागे लागलो. तिचं शास्त्रीय नाव सेनेसिओ बॉम्बेएन्सिस. जुन्या पुस्तकांत ती सेनेसिओ ग्रॅहॅमी म्हणून भेटते. हे ग्रॅहॅम म्हणजे मुंबईच्या टपाल खात्यातले साहेब, जॉन ग्रॅहॅम. मुंबई परिसरातल्या वनस्पतींची त्यांची यादी 1839 साली छापली गेली. आता सेनेसिओ या आडनावाची भावंडं जगभर पसरलेली आहेत. त्यांच्याबद्दल वाचत वाचत मी पोचलो थेट इंग्लंडमधल्या एका रेल्वे स्टेशनच्या पार्किंगमध्ये. आजची गोष्ट त्या पार्किंगपर्यंतच्या प्रवासाची. तीनशे वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचा शेवट फक्त एवढ्यावर अवलंबून होता की दोन सारखी दिसणारी पिवळी फुलं कुणाला तरी वेगळी ओळखता आली.

आधी एक फूल हातात घ्या

जवळपास झेंडू असेल तर घ्या. किंवा शेवंती. आता तिची एक "पाकळी" उपटा. तुम्ही पाकळी उपटली नाहीत, एक आख्खं फूल उपटलंत.

या कुळाची हीच गंमत आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरं तर फुलांचा मेळावा असतो. मध्ये दाटीवाटीने बसलेली नळीसारखी बारीक फुलं, आणि कडेला जिभेसारखी लांब फुलं. सूर्यफुलात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं: मधल्या प्रत्येक फुलाची एकेक बी होते. या मेळाव्याच्या खाली हिरवा पेला असतो, बारीक हिरव्या पट्ट्यांचा. कडेची फुलं, मधली फुलं, खालचा पेला, या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहेत.

सेनेसिओची चौथी खूण म्हणजे बी. बीच्या डोक्यावर पांढऱ्या मऊ केसांचा झुपका असतो, वाऱ्यावर उडायला. सेनेसिओ हे नाव लॅटिनमधल्या "सेनेक्स" वरून आलं, आणि सेनेक्स म्हणजे म्हातारा. आपण लहानपणी हवेत तरंगणारी पांढरी मऊ बी दिसली की काय ओरडायचो? "म्हातारी आली, म्हातारी!" रुईची म्हातारी आपल्याकडे, सेनेसिओचा म्हातारा तिकडे. दोघांचे केस पांढरे.

ज्वालामुखीवरचं लग्न

आता चला सिसिलीला. इटलीच्या पायथ्याशी असलेलं बेट. तिथे एटना हा जिवंत ज्वालामुखी आहे, उंची तीन हजार मीटरच्या वर. त्याच्या अंगावर दोन सेनेसिओ राहतात. वरच्या थंड उतारांवर सेनेसिओ एथ्नेन्सिस, साध्या अखंड पानांचा. खालच्या उबदार भागात सेनेसिओ क्रिसँथेमिफोलिअस, शेवंतीसारख्या कातरलेल्या पानांचा. मधल्या पट्ट्यात दोघांची गाठ पडते, तिथे संकर होतो आणि दोघांच्या मधली दिसणारी रोपं उगवतात.

18व्या शतकाच्या सुरुवातीला इथलं बी इंग्लंडला पोचलं. ते वाढलं बॅडमिंटन नावाच्या हवेलीच्या बागेत. ब्यूफर्टच्या डचेस मेरी सॉमरसेट या बाईंना देशोदेशीची झाडं लावायचा नाद होता. (हो, तीच बॅडमिंटन हवेली, जिचं नाव पुढे खेळाला मिळालं. त्या खेळाला इंग्रज लष्करी अधिकारी एकेकाळी "पूना" म्हणायचे, आपल्या पुण्यावरून. पण तो वेगळा एपिसोड.) तिथून हे रोप ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात आलं. 1621 साली सुरू झालेलं हे ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं वनस्पती उद्यान.

1753 साली लिनियसने त्याचं नाव ठेवलं सेनेसिओ स्क्वॅलिडस. स्क्वॅलिडस म्हणजे मळकट! इतक्या झळझळीत पिवळ्या फुलाला असं नाव. इंग्रज लोक त्याला ऑक्सफर्ड रॅगवर्ट म्हणतात, कारण पानं चिंधीसारखी फाटलेली दिसतात.

यात एक गोष्ट लिनियसला कळणं शक्यच नव्हतं. हे रोप एटनावरच्या त्या दोघांपैकी कुणीच नव्हतं, त्यांच्या संकराची संतती होतं. आईबाप सिसिलीत राहिले आणि पोर समुद्रापलीकडे एकटं वाढलं. परत जाऊन आईबापात मिसळायची सोय नाही. पिढ्यामागून पिढ्या गेल्या आणि ते स्वतःच एक वेगळी जात होऊन बसलं. हे डीएनएच्या अभ्यासातून पक्कं झालं, लिनियसनंतर दोन शतकं उलटून गेल्यावर.

बागेची भिंत ओलांडली

बागेत ठेवलेलं रोप बागेत राहिलं तर ती गोष्ट कसली! 18वं शतक संपेपर्यंत ते ऑक्सफर्डच्या जुन्या दगडी भिंतींवर उगवू लागलं होतं. पण शहराबाहेर फारसं जात नव्हतं.

मग 1844 साली ऑक्सफर्डला रेल्वे आली.

त्या काळी रुळांखाली आणि रुळांच्या कडेला इंजिनातली जळकी खडी, राख, कोळशाचे खंगर पसरलेले असायचे. कोरडी, भुसभुशीत, काळी, तापणारी जमीन. इतर रोपांना नकोशी. पण या रोपाचे पूर्वज कुठले? ज्वालामुखीच्या राखेतले! त्याला आजोळी आल्यासारखं वाटलं असणार. शिवाय धडधडत गाडी गेली की मागे वारा ओढला जातो, आणि त्या वाऱ्यावर म्हाताऱ्या निघाल्या फुकट प्रवासाला.

ऑक्सफर्डचे जॉर्ज क्लॅरिज ड्रूस नावाचे गृहस्थ होते. धंद्याने औषधविक्रेते, पुढे शहराचे महापौर, आणि वेड वनस्पतींचं. त्यांनी लिहून ठेवलंय की ऑक्सफर्डजवळ खिडकीतून या फुलाचं बी डब्यात शिरलं, हवेत तरंगत राहिलं आणि टाइलहर्स्ट स्टेशनला बाहेर पडलं. विनातिकीट.

रुळ जिकडे गेले तिकडे हे फूल गेलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, इमारतींचे ढिगारे झाले, तेव्हा त्या ढिगाऱ्यांवर उगवणाऱ्या रोपांमध्येही हे होतं.

वाटेत भेटलेला स्थानिक

या प्रवासात त्याला जागोजागी एक नातेवाईक भेटत होता. साधा ग्राउंडसेल, म्हणजे सेनेसिओ व्हल्गॅरिस. ब्रिटनमधलं अगदी सामान्य तण: फुटपाथच्या भेगेत, कुंडीत, वाफ्यात, कुठेही.

दोघांना वेगळं ओळखणं तसं सोपं. ऑक्सफर्ड रॅगवर्टला कडेची लांब पिवळी फुलं असतात, त्यामुळे ते छोट्या सूर्यफुलासारखं दिसतं. साध्या ग्राउंडसेलला बहुतेक वेळा कडेची फुलंच नसतात. नुसती मधली पिवळी गुंडी. फूल अजून उमलायचंय असं वाटत राहतं, पण ते उमलून झालेलं असतं!

स्वभावही वेगळे. रॅगवर्टला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो, म्हणून तो किड्यांना बोलवायला नटतो. ग्राउंडसेल स्वतःच्या परागावर भागवतो, म्हणून नटत नाही.

आतला हिशोबही वेगळा. रॅगवर्टच्या पेशीत गुणसूत्रं 20, ग्राउंडसेलच्या पेशीत 40. दोघांचा संकर झाला तर पोराला एकाकडून 10 आणि दुसऱ्याकडून 20 मिळतात, एकूण 30. या 30 च्या नीट जोड्या लागत नाहीत, म्हणून असं रोप वांझ निघतं. गोष्ट संपली असं वाटतं ना? पण कधी कधी निसर्गाच्या हातून एक चूक होते आणि सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात. 30 चे 60. आता प्रत्येकाला जोडीदार आहे. रोपाला बी धरतं. आणि ते आईबापांपैकी कुणाशीच जुळत नाही. नवी जात!

हे कागदावरचं गणित 1948 साली वेल्समध्ये जमिनीवर सापडलं. फ्लिंटशायरमधल्या फ्रिथ गावाजवळ हॉरेस ग्रीन यांना एक विचित्र ग्राउंडसेल दिसला. कडेची फुलं होती, पण आखूड, आणि मागे वळलेली. मँचेस्टर म्युझियमच्या एफी रॉसर यांनी अभ्यास केला, गुणसूत्रं 60 निघाली, आणि 1955 साली त्यांनी नाव दिलं सेनेसिओ केंब्रेन्सिस. केंब्रिया म्हणजे वेल्स. त्याची आणखी एक खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: साध्या ग्राउंडसेलच्या परागकणाला सहसा तीन छिद्रं असतात, याच्या बऱ्याच परागकणांना चार.

1982 साली एडिंबराजवळच्या लीथमध्ये हीच जात पुन्हा सापडली. वेल्सहून गेलेली नव्हे, तिथेच स्वतंत्रपणे जन्मलेली. निसर्गाने तेच गणित दोनदा सोडवलं होतं. पुढे दहा-बारा वर्षांत लीथची रोपं नाहीशी झाली.

यॉर्कचं पार्किंग

आता आपण पोचलो. 1979 साल. यॉर्क शहर, रेल्वे स्टेशनजवळचं पार्किंग. सेंट अँड्रूज विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड अॅबट यांना तिथे एक रोप दिसलं. ग्राउंडसेलसारखंच, पण कडेला पिवळी फुलं.

इथे खरी कसोटी आहे. कारण साध्या ग्राउंडसेललाही कधी कधी कडेची फुलं येतात. ती त्याने रॅगवर्टकडून उसनी घेतलेली आहेत: संकरातून आलेली जनुकं पुन्हा ग्राउंडसेलमध्येच मिसळून गेलेली. 2008 मध्ये संशोधकांनी ती नेमकी जनुकंही दाखवून दिली. म्हणजे पार्किंगमधलं रोप बघून कुणीही म्हणालं असतं, "हा, तोच तो, नटलेला ग्राउंडसेल," आणि गाडी लावून निघून गेलं असतं.

गुणसूत्रं मोजून सुटेल म्हणावं, तर तेही नाही. वेल्सवाल्याची 60 होती, म्हणून तो पकडला गेला. याची निघाली 40. साध्या ग्राउंडसेलएवढीच!

मग वेगळेपण ठरवायचं कसं? चिकाटीने. पानांचे खाचे किती खोल, कडेची फुलं किती लांब, बी केवढी, परागकण कसे. एका रोपाचं नाही, शेकडो रोपांचं. मग ती शेजारी शेजारी वाढवून बघायची: पुढच्या पिढीतही फरक टिकतो का? आईबापांशी संकर होतो का? उत्तर आलं की फरक टिकतो, आणि हे रोप एकाच जागी उगवत असूनही आईबापांत जवळजवळ मिसळत नाही. कारण तेही ग्राउंडसेलसारखं स्वतःच्याच परागावर भागवतं. वेगळी जात म्हणायला हे पुरेसं होतं.

2003 साली नाव जाहीर झालं: सेनेसिओ इबोरॅसेन्सिस. रोमन लोक यॉर्कला इबोरॅकम म्हणायचे. इंग्रजीत साधं नाव यॉर्क ग्राउंडसेल. जगात फक्त एका शहरात राहणारी जात.

पण 1979 ते 2003, चोवीस वर्षं गेली होती. एवढ्या काळात स्टेशनच्या आसपास साफसफाई झाली, मोकळ्या जागा बुजल्या, तणनाशकं फवारली गेली. फवारणाऱ्या माणसाचा काय दोष? त्याला दिसलं तण, त्याने मारलं तण. बारसं झालं तेव्हा बाळ घरातच नव्हतं. बाहेर एकही रोप उरलं नव्हतं.

खिडकीतल्या तीन कुंड्या

तरी गोष्ट संपली नाही, कारण ओळखणारी माणसं होती. रोपं कमी होतायत हे दिसल्यावर यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन छोटी रोपं कुंड्यांत घालून खिडकीत ठेवली होती. वर्षभराचीही न टिकणारी जात, ती लवकरच मेली. पण जाण्याआधी चिमूटभर बी देऊन गेली. ते बी क्यू उद्यानाच्या मिलेनियम सीड बँकेत थंड, कोरडं जपून ठेवलं गेलं.

2023 साली ते बी बाहेर काढलं. वेल्समधल्या दुर्मीळ रोपांच्या एका रोपवाटिकेत पेरलं, आणि जवळपास सगळं उगवलं! त्या रोपांनी हजारोंनी बी दिलं. ते यॉर्कमध्ये काही जागी पेरलं गेलं आणि 2024 च्या वसंतात यॉर्क ग्राउंडसेल पुन्हा आपल्या गावात फुलला. नामशेष झालेली जात परत आणण्याचा ब्रिटनमधला हा पहिलाच प्रयोग म्हणून त्याची चर्चा झाली.

आता एक प्रश्न तुमच्या मनात असेल, माझ्याही होता. एक तण वाचवायला एवढा खटाटोप कशाला? मला पटलेलं उत्तर असं. नव्या जाती लाखो वर्षांत तयार होतात, आपण फक्त त्यांचे सांगाडे बघतो, असं आपल्याला वाटतं. इथे नवी जात आपल्या आजी-आजोबांच्या हयातीत, रेल्वेच्या कडेला, माणसांच्या येण्याजाण्यातून जन्मली. जीव नवा कसा होतो याचं असं जिवंत उदाहरण जगात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं. आणि ते आपण ओळखलं नाही म्हणून फवारून टाकलं.

ओळख दोन्हीकडून कामाला येते

मी "सगळी तणं वाचवा" म्हणत नाहीये. ब्रिटनमध्येच या गटाचा आणखी एक नातलग आहे, साधा रॅगवर्ट. घोड्यागुरांच्या पोटात गेला तर यकृत बिघडवतो, आणि तिथल्या 1959 च्या तण कायद्यात त्याचं नाव आहे. तोही पिवळाच. म्हणजे एक पिवळं फूल उपटायला हवं आणि दुसरं जपायला हवं. फरक न कळता दोन्ही कामं चुकतात.

आपल्याकडे बघा. गाजर गवत याच कुळातलं. 1950 च्या दशकात पुण्याच्या आसपास नजरेस आलं आणि देशभर पसरलं. अंगाला खाज, दमा, सगळा ताप. ते ओळखून उपटायलाच हवं. पण त्याच्याच शेजारी याच कुळातली सहदेवी असते, एकदांडी असते, आणि घाटमाथ्यावर सोनकी असते. सोनकी पश्चिम घाटाची स्वतःची. "सगळं गवतच आहे" म्हणणाऱ्या डोळ्याला यातलं काहीच वेगळं दिसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी पिवळं फूल दिसलं तर एक करा. फोन आहेच हातात. एक नाही, चार फोटो काढा. पहिला समोरून: कडेची फुलं आहेत का, किती आहेत? दुसरा खालून: हिरव्या पेल्याच्या पट्ट्या कशा आहेत, त्यांची टोकं काळी आहेत का? तिसरा पानाचा, देठाकडचंही आणि शेंड्याकडचंही. चौथा बीचा, म्हातारी असेल तर. आणि फूल तोडू नका, कासवर तर मुळीच नाही. नव्वद टक्के लोक फक्त पहिला फोटो काढतात, आणि मग माझ्यासारखे कवळ्याला सोनकी म्हणतात. (नव्वद टक्के हा आकडा माझा, अंदाजपंचे. मारू नका.)

आणि सगळ्यात आधी, जवळ कुणी काका-मावशी असतील तर त्यांना विचारा. मी त्या दिवशी स्टोरी डिलीट केली, काकांना थँक्यू म्हणालो आणि पल्याड जाऊन सोनकी बघितली. खाली वाकून, पेला बघून, पानं बघून. काका म्हणाले, "आता वळखशील." त्यानंतर एकदा चुकलोय. पण एकदाच.

तुमच्या भागात सोनकीला काय म्हणतात? म्हातारीला दुसरं काही नाव आहे का? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये लावू. भेटू लवकरच. तोवर खाली बघून चाला, पायाखाली कोण आहे सांगता येत नाही!